डॉक्टरकडे निघताय? आधी गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका

दिवाळीनंतर आप्पांना निपाणीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा पिशवीत सगळं होतं. आधार, रेशन कार्ड, जुन्या रिपोर्टची फाईल, पाण्याची बाटली, छत्रीसुद्धा. नव्हती ती फक्त गोळ्यांची पाकिटं. डॉक्टरांनी विचारलं, "चालू काय काय आहे?" मी ऐटीत सांगितलं, "बीपीची एक, साखरेची एक." आप्पा म्हणाले, "आणि ती बारकी पांढरी." पांढरी म्हणजे कुठली, हे आम्हा तिघांपैकी एकालाही सांगता येईना.

आप्पांचे पाय सुजले होते म्हणून आम्ही गेलो होतो. लघवी जास्त होण्याची गोळी मिळाली. आठवड्यानं पहाटे उठताना भोवळ येऊन आप्पा दारावर आपटले. मग मात्र घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून नेल्या आणि टेबलावर ओतल्या. डॉक्टरांनी दोन पाकिटं शेजारी शेजारी ठेवली, मागची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाले, "ही आणि ही एकच." दोन्ही अ‍ॅम्लोडिपिन. बीपीचं औषध. एक इथली, दुसरी आप्पा गडहिंग्लजला आक्काकडे राहायला गेले होते तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी दिलेली. नावं वेगळी, डब्या वेगळ्या, औषध तेच. म्हणजे महिनाभर दुप्पट डोस. त्या औषधानं पाय सुजू शकतात, आणि त्या सुजेवर आम्ही आणखी एक गोळी चढवली होती. दोन्ही डॉक्टरांची चूक नव्हती. एकाला दुसऱ्याचं ठाऊक नव्हतं. ठाऊक मला होतं, आणि मी बोललो नव्हतो.

म्हणून ही यादी. आधी पाकिटं, मग बाकी सगळं.

पाकिटं म्हणजे रिकामी, अर्धी, कशीही. मेडिकलवाला कात्रीनं पट्टी कापून चार गोळ्या देतो आणि नाव छापलेला तुकडा त्याच्याकडेच राहतो. तो तुकडा मागून घ्या, नाहीतर नाव कागदावर लिहून द्यायला सांगा. मोबाईलवर फोटो काढलेत तरी चालतील, पण पाठीकडचा काढा, पुढचं रंगीत नाव कामाचं नाही. आपण सीमेवरची माणसं. आज निपाणी, उद्या कोल्हापूर, जत्रेला गडहिंग्लज, मोठं काही झालं की बेळगाव. प्रत्येक ठिकाणी कंपनीचं नाव बदलतं, औषधाचं मूळ नाव बदलत नाही. डॉक्टरांनी हे मूळ नाव, वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं हे २०१६ पासून नियमातच आहे. चिठ्ठी वाचता येत नसेल तर तिथंच विचारा. लाजायचं काय त्यात?

पिशवीत काढा, चूर्ण, गुडघ्यासाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली दुखण्याची गोळी, शेजारच्या मावशीनं "मला बरं वाटलं" म्हणून दिलेलं पाकीट, हेही पाहिजे. आप्पा तंबाखूच्या वखारीत चाळीस वर्षं काढलेले, त्यांना वाटतं आयुर्वेदाचं औषध डॉक्टरला सांगितलं की तो रागावतो. रागावू दे. लपवू नका. दारू, तंबाखू, तपकीर, सगळं सांगा, आणि म्हातारं माणूस लपवत असेल तर तुम्ही सांगा.

आधार, रेशन कार्ड, पैसे: हे सांगायला नको. सरकारी योजनेतून मोठा उपचार घ्यायचा असेल तर सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र बहुधा लागतं, ते आधी विचारून घ्या. रक्त उपाशीपोटी द्यायचं आहे का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. नाहीतर माणूस चहा पिऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी परत फेरी.

आता हक्कांचं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २०१८ साली रुग्णांच्या हक्कांची सनद केली, तिच्यात १७ हक्क आहेत. सगळे पाठ करायला नकोत. दवाखान्यात जाताना मी चार डोक्यात ठेवतो. एक, आजार आणि उपचार आपल्याला कळेल अशा भाषेत समजावून घ्यायचा. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात कन्नड किंवा इंग्रजीत छापलेला संमतीचा कागद पुढं आला तर "मराठीत सांगा, मग सही" असं शांतपणे म्हणा. आवाज चढवू नका, भाषेचं भांडण तिथं काढू नका. समोरची नर्स बहुतेक वेळा मराठी समजून घेते. दोन, औषध कुठल्याही मेडिकलमधून आणि तपासणी कुठल्याही लॅबमध्ये करायची मोकळीक आपल्याला आहे. तीन, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं असेल तर त्यासाठी कागद मागायचे. रेकॉर्ड मागितल्यावर ७२ तासांत द्यावं, असं डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांत आहे. चार, बाईमाणसाची तपासणी पुरुष डॉक्टर करणार असतील तर खोलीत दुसरी बाई हवी. कर्नाटकात खासगी दवाखान्यांसाठी २००७ चा कायदा आहे, त्याप्रमाणे नोंदणी आणि दरपत्रक समोर लावलेलं असायला पाहिजे. बिल बघून चक्रावण्यापेक्षा जाताना भिंतीकडे बघा.

आणि हक्क मागायला जाणाऱ्यानं, पाकिटं बरोबर न्यायची. माझं तेच झालं होतं. माहिती घ्यायचा हक्क मला तोंडपाठ होता, माहिती द्यायची जबाबदारी मात्र घरीच राहिली होती.

जबाबदारीची आणखी दोन टोकं, झटपट. नंबर मोडू नका. आपलं माणूस कण्हत असेल तर आत जाऊन सांगा, बाहेर वाद घालू नका. डॉक्टर-नर्सवर हात उगारणं तर सोडाच, कर्नाटकात त्याविरुद्ध २००९ चा वेगळा कायदा आहे. आणि एखादा उपचार नको असेल तर तोंडावर सांगा. हो हो म्हणून घरी येऊन गोळ्या फेकू नका. आम्हीही दोन अ‍ॅम्लोडिपिनमधली एक आमच्या मनानं बंद केली नाही, कोणती सोडायची ते डॉक्टरांनी सांगितलं.

परत येताना: नवी चिठ्ठी, बिल, रिपोर्ट, पुढची तारीख. कुठली जुनी गोळी बंद, कुठली चालू, हे तिथंच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. हे विसरलात तर जुनी आणि नवी दोन्ही चालू राहतात. बसमध्ये वाचू, घरी गेल्यावर बघू, असलं काही नको. फोनचा चार्ज. घरी फोन करून सांगणं. बाकीचं तुम्ही बघाच.

आता आमच्याकडे बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा आहे, चपलांच्या वरच्या फळीवर. रिकामी पाकिटंही त्यातच जातात. आक्कालाही तसलाच घेऊन दिलाय. आप्पा तिच्याकडे निघाले की डबा त्यांच्याबरोबर जातो, आणि दारातच मी विचारतो, "डबा?"