जेलवर खापर फोडण्याआधी बीकर बघा

तिसऱ्या सेमिस्टरला माझा विषय ठरला: कर्क्युमिनचं, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या द्रव्याचं, टोचता येणारं हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारं जेल). पाण्यात जवळजवळ न विरघळणारं औषध, गार असताना पातळ आणि अंगाच्या उष्णतेत घट्ट होणारं पोलॉक्झॅमर नावाचं पॉलिमर, आणि दुखऱ्या सांध्यापाशीच साठून राहणारा डोस. कागदावर फार देखणं दिसत होतं.

नागपूरचा उन्हाळा आधी सांगते. पोलॉक्झॅमर ४०७ चं २० टक्क्यांचं द्रावण साधारण २५ अंशांच्या आसपासच जमतं. मे महिन्यात बाहेर ४५ आणि कूलर लावलेल्या लॅबमध्येही तिशीच्या वर, म्हणजे फ्रीजमधून काढलेली सिरिंज टेबलापर्यंत येईस्तोवर सुईतच घट्ट. त्याच्याच जातीचं थोडं पोलॉक्झॅमर १८८ मिसळलं की जमण्याचं तापमान वर सरकतं. पावडर गार पाण्यात हळूहळू भुरभुरा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, फेस आपोआप बसतो. सिरिंज बर्फाच्या डब्यात ठेवा आणि काम सकाळी उरका. इथवर कुणीही पोचतं.

माझे तीन महिने रिलीज स्टडीत गेले, म्हणजे जेलमधून औषध किती वेळात किती बाहेर येतं ते मोजण्यात.

डायलिसिस बॅगमध्ये (औषध झिरपू देणारी पातळ पिशवी) जेल, बाहेर ७.४ पीएचचा फॉस्फेट बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, ३७ अंश. पहिल्या दोन तासांत आकडा थोडा वर जायचा, मग थांबायचा आणि नंतर चक्क खाली यायचा. मी जेल बदललं, टक्केवारी बदलली, बॅग बदलली. जेल औषध सोडतच नाही असं धरून मी बारा फॉर्म्युलेशन्स, म्हणजे जेलची वेगवेगळी मिश्रणं, केली. खरं तर एकूण बाहेर आलेलं औषध वेळेबरोबर कमी होऊच शकत नाही. आलेख खाली वळला त्याच दिवशी मी थांबायला हवं होतं.

औषध बाहेर येत होतं आणि बफरमध्येच मरत होतं. १९९७ साली प्रसिद्ध झालेलं काम आहे: सीरम नसलेल्या, पीएच ७.२ च्या फॉस्फेट बफरमध्ये ३७ अंशांना कर्क्युमिनचा सुमारे ९० टक्के भाग अर्ध्या तासात नष्ट होतो. मानवी रक्तात मात्र आठ तासांनंतरही जवळपास निम्मं उरतं. आपल्या घरातल्या बायांना हे निराळ्या भाषेत ठाऊक असतं. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, आणि कपडा उन्हात टाकला की डाग उडतो. अल्कली आणि उजेड, दोन्ही कर्क्युमिनचे वैरी. मी मात्र खिडकीजवळच्या टेबलावर साध्या काचेच्या बीकरमध्ये काम करत होते.

म्हणून जेल हातात घेण्याआधी एवढं करा. औषध थोड्या मिथेनॉलमध्ये विरघळवा, जेल न घालता तुमच्या मीडियात (बॅगबाहेरच्या द्रावणात) टाका, ३७ अंशांना ठेवा आणि शून्य, पंधरा, तीस, साठ मिनिटांनी ४२५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश किती शोषला जातो ते वाचा. आकडा घसरला तर मीडिया बदला. ट्वीन ८० हे साबणासारखं द्रव्य घातलं की औषध विरघळतंही आणि टिकायलाही मदत होते. थोडं ॲस्कॉर्बिक ॲसिड आणि अंबर काच हवीच. पण ट्वीन हात सैल सोडून ओतू नका, जेलची घडण बिघडते. दुसरं म्हणजे सिंक कंडिशन, म्हणजे औषध मावायला मीडिया पुरेसा असणं: सगळं औषध विरघळून मीडिया संपृक्त व्हायला जेवढा लागेल, त्याच्या निदान तिप्पट घ्या. अन् मीडिया बदलला की कॅलिब्रेशन कर्व्ह (वाचलेल्या आकड्यावरून औषधाचं प्रमाण काढायचा आलेख) त्याच मीडियात नव्याने काढा. बाजारातल्या कर्क्युमिनमध्ये बहुधा तीन कर्क्युमिनॉइड्स, म्हणजे एकाच कुळातली द्रव्यं, एकत्र असतात, त्यामुळे बाटली मध्येच बदलू नका.

एका सिनिअरने तेव्हा मला सांगितलं होतं, "शेवटचे पॉइंट काढून टाक नं, कोण बघून राहिलं?" काढू नका. औषध कोणत्या पद्धतीने सुटतं ते ठरवायला वापरतात ते कोर्समेयर-पेप्पासचं समीकरण पहिल्या ६० टक्के रिलीजपुरतंच लागू होतं. खोट्या आकड्यांवरही ०.९९ चा आर-स्क्वेअर (आकडे समीकरणाशी किती जुळतात त्याचं माप) येतो, त्याच्यावर भाळू नका. गाइड निवडताना पेपर किती छापले ते विचारू नका. मुलांच्या वह्या उघडून बघतात का, ते विचारा. माझी वही पहिल्यांदा उघडली ती शेजारच्या लॅबमधल्या एका मॅडमनी, आणि दहा मिनिटांत बोट नेमकं त्या घसरणीवर ठेवलं.

तुमचेही तीन महिने गेले असतील तर खचू नका. त्या बारा फॉर्म्युलेशन्सचे जमण्याचे तापमान आणि चिकटपणाचे आकडे माझ्या प्रबंधात जसेच्या तसे कामी आले. वाया गेले ते फक्त रिलीजचे तक्ते.

प्राण्यांवरचा भाग असेल तर एथिक्स कमिटीचा अर्ज सगळ्यात आधी टाका, बैठक कधी होईल ते आपल्या हातात नसतं. ती होईपर्यंत जेलशिवायचा तो बीकर लावून घ्या. एक दुपार पुरते.