एसएसबीच्या गटात बसल्यावर काय करायचं

एसएसबीचं, म्हणजे सैन्यदलांसाठी अधिकारी निवडणाऱ्या सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाचं, कॉल लेटर आलं की घरात पहिली चर्चा होते इंग्रजीची. मग बुटांची, मग भोपाळला कुठल्या गाडीनं जायचं याची. गटात बसल्यावर काय करायचं याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, आणि मुलं हात हलवत परत येतात ती बरेचदा तिथूनच. मी कराडला ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. ओटीएसाठी, म्हणजे सैन्याच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी, बोर्डाला गेले होते, रेकमेंड झाले, म्हणजे बोर्डानं निवडलं, पण मेरिट लिस्टमध्ये नाव लागलं नाही. त्यानंतर एनसीसीची मुलंमुली ‘मॅडम, जरा सांगा ना’ म्हणत यायला लागली, ती अजून येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहून ठेवते.

एनडीएची, म्हणजे बारावीनंतरच्या राष्ट्रीय संरक्षण अकादमीची, लेखी परीक्षा ९०० गुणांची, आणि एसएसबीही ९०० चीच. पदवीनंतरच्या सीडीएस परीक्षेतून ओटीएला जायचं असेल तर २०० आणि २००. म्हणजे वर्षभर त्रिकोणमिती घोटून जेवढे गुण मिळवायचे, तेवढेच इथे पाच दिवसांत पणाला लागतात. तरी क्लासची फी सगळी लेखीवर जाते आणि एसएसबीला पोरं गाडीत बसल्यावर यूट्यूब उघडतात.

ही पद्धत आली कुठून, ते कळलं तर निम्मं काम होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला अधिकारी कमी पडायला लागले. घराणं, शाळा आणि थोडा वेळ मुलाखत यावर माणूस निवडायची जुनी रीत पुरेना. म्हणून १९४२ मध्ये तिथे नवी निवड मंडळं सुरू झाली. त्यातल्या गटचाचणीमागे विल्फ्रेड बायन या मानसोपचारतज्ज्ञाचं डोकं होतं: गटाला एक काम द्यायचं, नेता मात्र नेमायचा नाही, आणि आपण बाजूला उभं राहून बघायचं. १९४३ मध्ये डेहराडूनला असंच एक प्रायोगिक मंडळ उघडलं आणि तीच वाट आज भोपाळ, बंगळुरू, प्रयागराजच्या एसएसबी केंद्रांपर्यंत आली आहे. नेता नेमलेला नसतो, हे विसरू नका. खुर्ची रिकामी दिसली की प्रत्येक जण तिच्यावर उडी मारतो. परीक्षक बघत असतो ते वेगळंच: काम पुढे सरकतंय का, आणि सरकलं तर कुणामुळे.

पहिल्या दिवशी कागदपत्रं तपासून चेस्ट नंबर मिळतो. तिथून पुढे तुम्ही फक्त तो आकडा. सकाळी ओआयआर, म्हणजे बुद्धिमत्ता चाचणी. आकृत्या, सांकेतिक भाषा, नातेसंबंध, दिशा. घड्याळ लावून सराव केलात तर अवघड नाही, त्यावर जास्त लिहीत नाही.

खरी चाळणी पीपीडीटीची, म्हणजे चित्र बघून गोष्ट लिहायची आणि गटात चर्चा करायची. पडद्यावर एक मुद्दाम धूसर केलेलं चित्र ३० सेकंद दिसतं. मग एका मिनिटात पात्रं किती, स्त्री की पुरुष, वय, मनःस्थिती हे टिपायचं आणि चार मिनिटांत गोष्ट लिहायची. कोण आहे, आधी काय झालं, आत्ता तो काय करतोय, शेवट कसा. क्लासवाले तयार गोष्टी विकतात: गावात पूर येतो, राहुल तरुणांना गोळा करतो, बंधारा बांधतो. त्या राहुलला बोर्डावरचे लोक इतक्या वेळा भेटलेत की आता तो त्यांच्या घरचाच झाला असेल. त्यापेक्षा तुम्हाला माहीत असलेलं लिहा. कारखान्याच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली उलटताना आमच्याकडच्या पोरांनी पाहिलेली असते. ट्रॅक्टर आधी बंद करायचा, मागची वाहनं थांबवायची, १०८ ला फोन लावायचा, हे त्यांना शिकवावं लागत नाही. अशी गोष्ट साधी असली तरी तिच्यातला माणूस काहीतरी करताना दिसतो.

नंतर १२-१५ जणांचा गट अर्धवर्तुळात बसतो. प्रत्येकानं साधारण मिनिटभरात आपली गोष्ट सांगायची आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. इथे जे होतं त्याला सगळे ‘फिश मार्केट’ म्हणतात, आणि ते नाव अगदी योग्य आहे. पहिला आवाज सुटला की पाच-सहा जण एकदम बोलायला लागतात, दोघं उठून उभं राहायच्या बेतात असतात, कडेचे चौघं गप्प.

माझ्या गटात हेच झालं. अर्ध्यांच्या मते जमिनीवर पडलेला माणूस खेळाडू, अर्ध्यांच्या मते मजूर. आवाज वाढत गेले. तेवढ्यात ९ नंबरची मुलगी, जी तोवर एकदाच बोलली होती, थोडी पुढे झुकली आणि ३ नंबरकडे हात करून हिंदीत म्हणाली, ‘तुझ्या गोष्टीत मदतीला डॉक्टर येते ना? माझ्यातही येते. तिथून धरूया, पडलेला कोण ते मागून ठरवू.’ ३ नंबरला बोलायला मिळालं, तो खूश. मजूरवाल्यांना हरल्यासारखं वाटलं नाही. दोन मिनिटांत गोष्ट उभी राहिली. परीक्षकानं वहीत काय लिहिलं ते देव जाणे, पण ती मुलगी स्क्रीन इन झाली, म्हणजे पहिल्या दिवसाची चाळणी पार झाली, आणि सगळ्यात जास्त बोललेला मुलगा दुपारच्या बसमधून स्टेशनवर गेला.

यातून उचलायचं ते हे. दुसऱ्यांच्या गोष्टी ऐकताना दोघा-तिघांचे चेस्ट नंबर आणि त्यांचा एकेक मुद्दा लक्षात ठेवा. चर्चेत आपली गोष्ट रेटण्याऐवजी त्यांच्यातलं जुळणारं बाहेर काढा. दोन-तीनदा बोललात तरी पुरे, पण त्या बोलण्यानं काहीतरी हललं पाहिजे. गप्प बसलेल्याला विचारायचं असेल तर मनापासून विचारा. ‘यांनाही संधी देऊया’ हे वाक्य आता इतकं पाठ झालंय की ज्याला संधी मिळते तोच दचकतो. आवाजाच्या लाटेत शिरता येत नसेल तर लाट ओसरायची वाट बघा, दमायला सगळ्यांनाच होतं. इंग्रजी अडलं तर एखादं वाक्य हिंदीत बोलून पुढे जा. शब्द शोधत छताकडे बघत बसलात तर तेवढ्यात तुमची जागा दुसरा घेतो.

स्क्रीन इन झालात की पीआयक्यू नावाचा वैयक्तिक माहितीचा फॉर्म भरायचा असतो. तो नीट, खरा भरा, मुलाखत त्याच्यावरूनच होते. छंद ‘वाचन’ लिहिलंत की कुठलं पुस्तक, हा प्रश्न आलाच म्हणून समजा.

दुसरा दिवस मानसशास्त्राच्या लेखी चाचण्यांचा. १२ चित्रांवर गोष्टी, त्यातलं शेवटचं कोरं. ६० शब्द, प्रत्येकावर मनात येईल ते वाक्य लिहायला १५ सेकंद. ६० प्रसंग, प्रत्येकात तुम्ही काय कराल ते लिहायचं, ३० मिनिटांत. आणि १५ मिनिटांत स्वतःबद्दल: आईवडील, शिक्षक, मित्र काय म्हणतात आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतं. वेग एवढा असतो की पाठ केलेलं फार वेळ टिकत नाही, खरं तेच कागदावर येतं. शेवटच्या भागाची मात्र तयारी होते. घरी आईला खरंच विचारा, ‘माझ्यातलं काय आवडत नाही?’ माझ्याकडच्या एका मुलाची आई म्हणाली, ‘सुरू करतो सगळं, संपवत नाही काही.’ त्यानं तेच लिहिलं, आणि त्यावर तो काय करतोय तेही लिहिलं.

मग जीटीओचं, म्हणजे गटाच्या चाचण्या घेणाऱ्या अधिकाऱ्याचं, मैदान. गटचर्चेचे दोन विषय होतात, तिथेही वरचंच लागू.

ग्रुप प्लॅनिंगमध्ये समोर एक मांडलेला नकाशा असतो आणि जीटीओ गोष्ट सांगतो. तुम्ही मित्र सहलीला निघालात, वाटेत कळलं की रूळ उखडलाय, कुणीतरी जखमी आहे, पलीकडे आणखी काही घडतंय. आधी एकट्यानं लिहायचं, मग गटानं एक योजना करायची. यात मुलं जिवाचा धोका कुठे आहे ते बरोबर ओळखतात, पण हिशेब करत नाहीत. मी गणिताची बाई म्हणून ते मला सलतं. जीप ताशी ४० किलोमीटरनं जात असेल आणि स्टेशन १० किलोमीटरवर असेल तर १५ मिनिटं लागतात. रेल्वे यायला ४० मिनिटं आहेत, म्हणजे हातात २५ उरतात. एवढं जरी गटात मोठ्यानं बोललात तरी ‘आधी इकडे, आधी तिकडे’ हा वाद जागच्या जागी थांबतो. कागद दाखवून आकडा सांगा आणि कुणाला कुठे पाठवायचं ते सुचवा.

त्यानंतर प्रोग्रेसिव्ह ग्रुप टास्क. माझ्या मते पाच दिवसांतला सगळ्यात प्रामाणिक भाग हाच. सुरुवातीची रेषा, शेवटची रेषा, मध्ये लाकडी खांब-चौकटी, आणि हातात फळी, बल्ली (लाकडी वासा), दोर व एक ओझं. जमीन सगळी निषिद्ध. पांढऱ्या रंगाला माणूस आणि साहित्य दोन्ही लावता येतं, लाल कुणालाच चालत नाही, बाकी रंगांचे नियम जीटीओ सांगतो. चार फुटांपेक्षा जास्त अंतर उडी मारून पार करायचं नाही. फळी आणि बल्ली एकमेकांना बांधून लांब करायची नाहीत. आणि गट अख्खा पलीकडे गेला पाहिजे, ओझ्यासकट.

बहुतेक अडथळ्यांचा जीव एकाच युक्तीत असतो: फळी एका टोकाला टेकवायची, तिचं दुसरं टोक मोकळं पुढे काढायचं आणि मागच्या टोकावर कुणीतरी वजन देऊन उभं राहायचं. साधी तरफ, शाळेच्या विज्ञानातली. अडतं कुठे, तर कल्पना आठ जणांकडे असते आणि फळीच्या मागच्या टोकावर उभं राहायला कुणी तयार नसतं, कारण तिथे उभं राहिलं की दिसायला आपण काही करत नाही. प्रत्येकाला पुढच्या टोकावर जायचं असतं. मागे उभा राहणारा गट पलीकडे पोचवतो आणि शेवटी स्वतः कसा येणार हेही त्यालाच आधी सुचलेलं असतं. जीटीओ तिथेच उभा असतो, त्याला हे दिसत नाही असं समजू नका. तुमची कल्पना असेल तर बोलून दाखवण्याऐवजी बल्ली उचला आणि ठेवून दाखवा. दुसऱ्याची चांगली असेल तर गाठ मारायला लागा. गाठीचं एक सांगते: खुंटाला मारायची साधी, न सरकणारी गाठ घरूनच शिकून जा, जनावर बांधणाऱ्या कुणालाही विचारा. हात थरथरत असताना ती गाठ ज्याला येते त्याच्याकडे गट आपोआप बघायला लागतो.

एकट्याचे अडथळे १० असतात, वेळ तीन मिनिटं, आणि प्रत्येकाला एक ते दहा असे गुण. कुठून सुरू करून कुठे वळायचं ते आधी डोळ्यांनी आखून ठेवा. लेक्चरेटला, म्हणजे गटासमोरच्या छोट्या भाषणाला, कार्डावरच्या चारांतून एक विषय निवडायचा, तीन मिनिटं तयारी, तीन मिनिटं बोलणं. ज्यावर खरंच काही सांगता येईल तो विषय घ्या, भारदस्त वाटतो तो नको. कमांड टास्कमध्ये तुम्ही कमांडर आणि मदतीला गटातले दोघं बोलवायचे. जवळचा मित्र बोलवू नका, ज्याची उंची आणि हात कामाला येतील तो बोलवा.

सराव घरी होतो. आठ मित्र, शाळेचं मैदान, एक जाड फळी, दोन बांबू, दोर आणि जमिनीवर चुन्याच्या रेषा. मोबाईल स्टँडवर ठेवून रेकॉर्ड करा आणि आवाज बंद करून बघा. कोण हात लावतोय आणि कोण नुसता बोट दाखवतोय ते लगेच समजतं. चर्चेचा सराव करताना विषय कोल्हापूर-सांगलीच्या पुराचा घ्या, रस्त्यावरच्या अपघातांचा घ्या, जिथे तुमच्याकडे सांगायला स्वतःचं काही आहे.

शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स. सगळं मंडळ समोर बसतं, बहुतेकांना दोन-चार साधे प्रश्न विचारतात आणि सोडतात. तिथे नवीन काही सिद्ध करायला जाऊ नका.

एसएसबीचं पत्र हातात असेल तर नाशिकच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात चौकशी करा. राज्य सरकारचं आहे, महाराष्ट्रातल्या उमेदवारांना तिथे एसएसबीचं प्रशिक्षण मोफत मिळतं. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मुलाखत असते. आणि एनडीए, सीडीएस अशा ज्या एंट्रीतून जाताय तिच्यासाठी पहिल्यांदाच बोर्डाला जात असाल तर रेल्वेचं भाडं परत मिळतं, तेव्हा तिकीट खिशात चुरगळू देऊ नका, फाईलमध्येच ठेवा.