तान्ह्या पोळ्याच्या साजासाठी जुन्या सीडी, फ्लॉप्या जमवताना

तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, पोरांच्या लाकडी बैलांचा सण. यंदा पोरांचे हे लाकडी नंदी घरातल्या जुन्या सीडी, डीव्हीडी, फ्लॉप्या आणि बंद पडलेल्या हार्ड डिस्क वापरून सजवायचे असतील, तर राखीच्या आधीच जमवाजमव सुरू करा. राखीपासून पोळ्यापर्यंत जेमतेम पंधरा दिवस मिळतात. त्यातले पहिले बरेचसे दिवस कात्री हातात घ्यायचीच नाही, डिस्क वाचायच्या. माझा सगळा आग्रह या एका गोष्टीचा आहे, बाकीची यादी तिच्या मागून येते.

जमवायला फार लांब जावं लागत नाही. शेजारीपाजारी विचारा, कॉलनीतल्या कबाडीवाल्याला सांगून ठेवा, नागपुरात बर्डीवरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांत चौकशी करा. आलेल्या ढिगातून आधी कारखान्यात छापलेल्या सीडी वेगळ्या काढा: मासिकांसोबत फुकट आलेल्या, जुन्या सॉफ्टवेअरच्या. त्या बिनधास्त कापा. मार्करने हाताने नाव लिहिलेली, किंवा काहीच न लिहिलेली, प्रत्येक डिस्क मात्र संगणकात घालून बघा. कुणाच्या लग्नाचे एकुलते एक फोटो तिच्यात असतील, कुणाच्या आजोबांचा आवाज असेल. सापडेल ते दोन ठिकाणी उतरवून घ्या, मालकाला दाखवा आणि त्यांनी हो म्हटल्यावरच ती डिस्क कापायच्या डब्यात टाका. साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह मिळतो. चार घरांत मिळून एक घेतला तरी पुरे. एका फ्लॉपीत 1.44 एमबीच मावतं, म्हणून उतरवायला वेळ लागत नाही. वाचायच्या राहिलेल्या सीडी एकमेकींवर घासू देऊ नका, आणि छापील बाजू जास्त जपा. 1.2 मिलिमीटर जाडीच्या सीडीत माहितीचा थर त्या बाजूला, पातळ लाखेच्या अगदी खाली असतो. तिथे चरा गेला तर तो भाग कायमचा गेला.

मग रंगाने वाटणी करा. छापील सीडी चंदेरी दिसते, कारण तिच्यात ॲल्युमिनियम असतं. घरी भरलेल्या सीडीत रंगद्रव्य असल्यामुळे ती हिरवट, निळसर किंवा सोनेरी दिसते, आणि भरलेली डीव्हीडी जांभळट. इंद्रधनुष्य सगळ्यांतच खेळतं, पण झूल करताना हे मूळ रंग फार कामी येतात. सोनेरी डिस्क कमी मिळतात, त्या बाशिंगासाठी राखून ठेवा.

कापायचं काम मोठ्यांचं. डोळ्यांवर चष्मा हवा, खाली जुनी चादर हवी, पोरं दुसऱ्या खोलीत हवीत. सीडी काही मिनिटं चांगल्या गरम पाण्यात ठेवा, पुसून मजबूत कात्रीने सावकाश कापा, म्हणजे कडा कमी तडकतात. मेणबत्ती किंवा गॅसवर धरून वाकवायच्या भानगडीत पडू नका, त्याचा धूर चांगला नाही. डीव्हीडी म्हणजे 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात, त्यामुळे कापताना त्या कधीकधी सुटतात. सुटल्या तरी टाकू नका, चमकणारी बाजू वापरता येते.

गोंदाबद्दल जरा थांबून सांगते. पांढरा फेविकॉल लाकडावर छान बसतो, गुळगुळीत प्लॅस्टिकवर नाही. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने आजूबाजूला पांढुरकी झाक येते आणि चमक जाते. दोन नळ्यांतून मिसळायचा एपॉक्सी घ्या, आणि पावसाळी हवेत रात्रभर तरी हलवू नका. तरीही सीडीचा तुकडा छापील बाजूने चिकटवला की त्याची पकड त्या लाखेच्या पापुद्र्याइतकीच राहते. पोरगं नंदी ओढत घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला निघालं की तुकडे गळायला लागतात. म्हणून झुलीवर तुकडे चिकटवूच नका. आरसेभरतात आरसा बसवतात तसा कडेने दोरा घालून टाके घ्या. गांधीबागेत लाल नाहीतर हिरवं कापड घ्या, इतवारीत गोटा, म्हणजे चमकती जरीची किनार, आणि बारीक घुंगरं. शिवायला बसण्याआधी प्रत्येक तुकड्याची कड बारीक पॉलिश पेपरने घासून त्यावर बिनरंगी नेलपॉलिश फिरवा, म्हणजे ॲल्युमिनियम सुटत नाही आणि दोराही कापला जात नाही.

नंदीमागे रेंगी, म्हणजे छोटी बैलगाडी, हवी असेल तर फ्लॉप्या लागतात. साडेतीन इंची फ्लॉपी 90 बाय 94 मिलिमीटरची असते. पाच फ्लॉप्यांची बिनझाकणाची छान पेटी होते, चार बाजूंच्या आणि एक तळाची. 1.44 एमबीच्या फ्लॉपीला लेबलच्या टोकाकडे दोन्ही कोपऱ्यांत आरपार चौकोनी भोकं असतातच. त्यातल्या एकावर सरकती खिट्टी असते, ती बाजूला सारा. धातूच्या झडपेकडची भोकं मात्र हाताच्या ड्रिलने पाडावी लागतील. झडप काढणार असाल तर आतली छोटी स्प्रिंग उडते, तिथेही चष्मा हवाच. जोडायला केबल टाय किंवा सुतळी. मला सुतळी बरी वाटते, रेंगीला ती शोभते.

चाकांसाठी हार्ड डिस्कच्या चकत्या. डेस्कटॉपच्या डिस्कमध्ये 95 मिलिमीटरच्या असतात, लॅपटॉपच्या डिस्कमध्ये 65 च्या. लॅपटॉपवाल्या उघडूच नका. त्या बऱ्याचदा काचेच्या असतात आणि फुटल्या की बारीक चुरा होतो. डेस्कटॉपच्याही सगळ्याच ॲल्युमिनियमच्या नसतात, तेव्हा शंका आली तर वाकवून पाहू नका. उघडायला चांदणीच्या आकाराचे टॉर्क्स पेचकस लागतात, बहुतेक टी8 आणि टी6, आणि एखादा स्क्रू लेबलखाली दडलेला असतो. आत जोरदार चुंबकं निघतात. ती बोटं चिमटतात, गिळली गेली तर पोटात जीवघेणी ठरतात, आणि पेसमेकर असलेल्या माणसाजवळ नेऊच नयेत. ती लगेच कुलपात ठेवा. हिरवी सर्किट पाटी साजात नको, ती ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत ठिकाणीच द्या.

फ्लॉपीतली काळी फिल्म पोरांच्या हाती लागली की कुणीतरी ती डोळ्याला लावून सूर्याकडे बघणारच. फिल्म असो की सीडी, त्यातून सूर्य बघणं डोळ्यांना धोक्याचं आहे, हे काम सुरू होण्याआधीच बजावून ठेवा.

पोळा आला की पाऊस भोळा होतो म्हणतात, तरी त्या दिवसांत सर येतेच, तेव्हा नंदी झाकायला प्लॅस्टिकचा कागद काढून ठेवा. पोळ्याच्या रात्री सगळा साज चढवून झाला की जुना मोजा हातात घालून नंदीवरून, रेंगीवरून हळू फिरवा. जिथे मोजा अडकेल तिथली कड अजून धारदार आहे, ती तेव्हाच घासून घ्या.