डोळा पुढे, आवाज मागे: कोकणात वाचून दाखवण्याचं काम

डी.एड. करून भरतीची वाट बघणारी मुलं, ग्रंथालयात नव्याने लागलेल्या मुली, निवृत्तीनंतर काहीतरी करू म्हणणारे काका, हे सगळे मला एकच विचारतात: वाचून दाखवायला शिकायचं तर सुरुवात कुठून करायची? बहुतेकांची अपेक्षा असते की मी आवाजाबद्दल सांगेन. भारदस्त आवाज, चढउतार, भावना. मी मालवण-कणकवली पट्ट्यात बालवाडीपासून काजू कारखान्यापर्यंत वाचत आले आहे आणि माझं मत असं की आवाज दुय्यम आहे. आधी डोळा तयार करावा लागतो.

वाचताना डोळा तोंडाच्या पुढे असतो. तोंडाने तिसरा शब्द उच्चारला जात असताना डोळ्याने सातवा-आठवा बघितलेला असला पाहिजे. हे जमतं का ते तपासायची सोपी युक्ती आहे. कोणालातरी शेजारी बसवा आणि वाचता वाचता, वाक्याच्या मध्येच, पानावर हात ठेवायला सांगा. हात पडल्यावरही तुम्ही न अडखळता किती शब्द बोलू शकता ते मोजा. नवखा माणूस एक-दोन शब्दांत गप्प होतो. चार-पाच शब्द सहज आले की समजा, आता समोरच्याकडे बघायला तुम्हाला सवड मिळाली. मान वर करून ऐकणाऱ्याचं तोंड बघता येणं हेच या कामातलं कौशल्य, आणि ती सवड पुढे गेलेल्या डोळ्यामुळेच मिळते.

मराठीत तर याला पर्याय नाही. आपलं क्रियापद शेवटी, नकारही शेवटी. ‘तो त्या रात्री होडी घेऊन बंदरावर गेला’ इथपर्यंत तुम्ही ठामपणे वाचलंत आणि पुढे ‘नव्हता’ निघालं, तर आवाज जागच्या जागी फिरवावा लागतो आणि ते ऐकणाऱ्याला कळतं. संवादात तेच होतं. “चल, निघू या,” एवढं तुम्ही खणखणीत म्हणता आणि पुढे छापलेलं असतं, ‘ती त्याच्या कानात पुटपुटली.’ आता काय करणार? लेखकाने ‘पुटपुटली’ नंतर लिहिलंय, वाचणाऱ्याला ते आधी माहीत हवं. म्हणून कुठलंही पुस्तक लोकांसमोर नेण्याआधी घरी एकदा मोठ्याने वाचायचंच. मनात वाचून भागत नाही, कारण जीभ कुठे अडते ते मनातल्या वाचनात समजत नाही.

तयारी करताना मी पेन्सिलीने खुणा करते: श्वास घ्यायच्या जागी एक उभी रेघ, लांब थांब्याला दोन, आणि बोलणारं माणूस बदलतं तिथे समासात टिंब. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर खुणा झेरॉक्सवर करा. ग्रंथपाल रागावतात, आणि ते बरोबरच आहे.

उच्चारांबद्दल थोडंसं. च, ज, झ यांचे आपल्याकडे दोन-दोन उच्चार आणि अक्षर मात्र एकच. गुरांचा ‘चारा’ आणि आकडा ‘चार’, थोडं या अर्थी ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थी ‘जरा’. बोलताना आपण चुकत नाही, छापील पान बघून चुकतो. ‘संयम’, ‘सिंह’, ‘संशय’ यांतला अनुस्वारही बोलण्यात येतो तसाच ठेवा. यापलीकडे शुद्धतेचा फार धसका घेऊ नका. गावातल्या माणसाच्या बोलण्याला गावाची ढब असतेच आणि ती घासून काढायची काही गरज नाही.

आता पहिली-दुसरीची मुलं. आमच्याकडच्या वाडीवरच्या शाळांत पट कमी असतो आणि बऱ्याचदा दोन शिक्षक मिळून सगळे वर्ग सांभाळतात. म्हणजे तुमच्यासमोर पहिलीचं मूल आणि चौथीचं मूल एकाच सतरंजीवर बसलेलं असणार. चित्रांचं पुस्तक छातीसमोर धरून वरून वाकून वाचणारे मी बघितलेत. त्यात वाचणाऱ्याची मान मोडते आणि मुलांना चित्र तिरकं दिसतं. पुस्तक खांद्याच्या बाजूला, पान मुलांकडे, आणि मजकूर तुमचा जवळजवळ पाठ. पान उलटण्याआधी अर्धा क्षण थांबा. त्या थांब्यात कुणीतरी “बाई, मगे काय झाला?” विचारतंच. तो प्रश्न आला की निम्मं काम झालं.

अशाच एका वाचनात वाघ झुडपाआड जातो ते पान आलं. पुढच्या रांगेतली मुलगी उठली, पुस्तकाजवळ आली आणि पानाच्या मागे वाकून बघू लागली, वाघ पलीकडून दिसतो का म्हणून. मोठी मुलं हसली. मी पान उलटलं नाही, तिचं बघून होऊ दिलं. अशा वेळी ‘खाली बस’ म्हणणारा वाचक गोष्ट हातची घालवतो.

मालवणीचा प्रश्न इथे हमखास येतो. घरी मालवणी आणि पुस्तकात प्रमाण मराठी, तर वाचताना बदलून वाचायचं का? मी छापलेलं आहे तसंच वाचते आणि मधलं बोलणं मालवणीत करते. ‘तळं’ वाचून झालं की “आपल्याकडे खंय आसा असा?” पुस्तकाची भाषाही कानावर पडायला हवी, मूल स्वतः वाचू शकतं त्याच्या बरंच पुढचं ऐकून समजू शकतं, आणि तिथूनच ते पुस्तकाच्या भाषेत शिरतं. एक गोष्ट मात्र मला अजिबात खपत नाही. गोष्टीतला नोकर, चोर किंवा बावळट माणूस आला की त्याला मालवणी बोलायला लावून हशा मिळवायचा. मुलं हसतात, पण ती आजीच्या बोलीवर हसायला शिकतात.

तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर कंटाळू नका. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला मुलं तुमच्या आधी वाक्य म्हणू लागतात. तिथे तुम्ही गप्प व्हा आणि त्यांना म्हणू द्या. आणि वाचून झाल्यावर ‘या गोष्टीतून काय बोध घेतलात?’ हे विचारू नका. शाळेत दिवसभर तेच चाललेलं असतं.

पाऊस ही कोकणातली खास अडचण. जुलैत पत्र्याच्या छपरावर सर सुरू झाली की माइकसुद्धा हरतो. वर ओरडून वाचायला गेलात तर दहा मिनिटांत घसा बसतो आणि ओरडलेली गोष्ट कुणी ऐकतही नाही. सर येईपर्यंत वाचा, सर आली की पुस्तक मुलांच्या हातात द्या आणि चित्रं बघू द्या. वीज जाण्याचीही तयारी ठेवा. खिडकीजवळची जागा आधीच धरून ठेवावी.

पाचवी ते आठवीच्या मुलांना लाडिक आवाज चालत नाही. त्यांना मोठी गोष्ट हवी, रोज थोडी थोडी, आणि ऐन रंगात आल्यावर थांबणारी. साने गुरुजी आपल्या दापोली तालुक्यातल्या पालगडचे. त्यांची ‘श्यामची आई’ एकेका रात्रीच्या हिशोबात बांधलेली आहे, सांगितल्यासारखी. एका बैठकीला एक रात्र हा हिशोब तयारच मिळतो. फक्त एक पथ्य पाळा: ऐकणाऱ्याच्या आधी वाचणाऱ्याने रडायला लागू नये. तुमचा गळा दाटला की मुलं गोष्ट सोडून तुमच्याकडे बघत बसतात.

मोठ्यांपुढे वाचायला लोक जास्त घाबरतात. खरं तर मोठ्यांना वाचून दाखवणं आपल्याकडे काही नवं नाही. लावणी आटोपली, श्रावण लागला की वाडीवर पोथी लागते. श्रीधरांचं हरिविजय, पांडवप्रताप, सोमवारी शिवलीलामृत. एक जण ओव्या वाचणार, दुसरा अर्थ सांगणार. नव्या माणसाने अशा पोथीला महिनाभर जाऊन बसावं असं मी सांगते, श्रद्धा असो वा नसो. चांगला पोथी वाचणारा ओवीच्या शेवटी नेमका किती थांबतो, अर्थ सांगणाऱ्याला जागा कशी करून देतो, पेंगणाऱ्या म्हाताऱ्याला चालीतला एक शब्द उचलून कसा जागा करतो, हे कुठल्या कार्यशाळेत शिकवत नाहीत. मात्र ती चाल गद्य वाचनात आणू नका. कथा ओवीसारखी हेलकाव्यात वाचली की अर्थ वाहून जातो.

काजू कारखान्यातलं वाचन हा माझा सगळ्यात आवडता भाग. बिया फोडायच्या बाजूला आवाज फार, तिथे काही होत नाही. पण साल काढणं आणि निवडणं जिथे चालतं तिथे बायका लांब टेबलांशी बसलेल्या असतात. हात चालू, कान मोकळे. अख्खे गर एकीकडे, पाकळी एकीकडे, तुकडा एकीकडे. तिथे समोरून कोणी तुमच्याकडे बघत नाही, सगळ्यांच्या नजरा खाली. मग गोष्ट लागतेय की नाही ते कसं ओळखायचं? सुरीच्या आवाजावरून. बारीक खरवडण्याची एक सततची लय असते, आणि गोष्टीत नेमकं काही घडलं की ती विरळ होते, क्षणभर थांबतेसुद्धा. लय तशीच चालू राहिली तर समजावं, पानं कंटाळवाणी आहेत, पुढे जा. “ताई, वायच हळू वाच गे,” असं कुणी म्हणालं तर तो मान समजावा. त्यांना एकही शब्द सोडायचा नसतो.

या प्रकाराला मोठी परंपरा आहे, फक्त ती आपल्याकडची नाही. क्यूबातल्या हवानामध्ये १८६५ पासून सिगार वळणाऱ्या कामगारांसमोर उंच खुर्चीवर बसून एक जण वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या वाचायचा, आणि त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून द्यायचे. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने त्यावर बंदी आणली. ऐकणारे कामगार विचार करू लागतात याची धास्ती. आमच्याकडे कोणी बंदी घातली नाही, पण एका ठिकाणी मालकाने माल कमी निघतो म्हणून वाचन बंद करायला सांगितलं. बायकांनीच मग वेळ ठरवून दिली: जेवणानंतरचा अर्धा तास, बसून, हात पुसून. वाचन त्या अर्ध्या तासात आणखी छान झालं.

बायकांपुढे काय वाचावं? ‘उपयुक्त’ माहितीपत्रकं नकोत. कथा वाचा, क्रमशः कादंबरी वाचा, कोर्टाची बातमी वाचा. एका बाईचं घर, जमीन, हिस्सा, मुंबईला गेलेला माणूस, अशा विषयांवर वाचन संपल्यावर जी चर्चा होते ती पुस्तकापेक्षा लांब चालते, आणि तिथे आपण तोंड बंद ठेवायचं असतं.

दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी वाचत असाल तर पद्धत वेगळी. तिथे अभिनय नकोच. सरळ, एकसारख्या गतीने वाचा, तक्ता असेल तर स्तंभ आणि ओळ सांगून वाचा, आकडे दोनदा. चित्र किंवा आकृती आली तर गाळू नका, दोन वाक्यांत वर्णन करा. पान क्रमांक सांगत चला, त्याला नंतर शोधायला लागतो.

ध्वनिमुद्रण करणार असाल तर आधी हक्कांचं बघा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं लेखन हक्काधीन असतं. सभेत थोडासा उतारा वाचून दाखवायला कायद्याची आडकाठी नाही, पण अख्खं पुस्तक रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या बागेतले आंबे विकणं. दृष्टिहीनांसाठी सुलभ स्वरूपात पुस्तक करण्याला २०१२ च्या दुरुस्तीने सूट आहे. घरी रेकॉर्ड करताना पंखा बंद, गोधड्या भिंतीला, आणि पावसाळ्यात रात्री बेडकांचा विचार करून वेळ निवडा.

पैशांचं स्पष्ट बोलते. शाळांत वाचून दाखवायचे पैसे मिळत नाहीत. ग्रंथालयं मानधन देतात, पण तुटपुंजं. अ, ब, क, ड वर्गांप्रमाणे त्यांना मिळणारं सरकारी अनुदानच मर्यादित असतं. आकाशवाणीत हंगामी निवेदकांसाठी जाहिरात निघते, लेखी परीक्षा आणि आवाजाची चाचणी होते. रत्नागिरी केंद्राकडे लक्ष ठेवा. बोलक्या पुस्तकांच्या कंपन्या नमुना मागतात. त्यांना पाच मिनिटांचं गद्य पाठवा, त्यात संवाद असू द्या, कविता नको. या सगळ्याची गोळाबेरीज केली तरी याच्यावर घर चालेल असं मी कुणाला सांगणार नाही. शिक्षक, ग्रंथपाल, निवेदक अशा कामाला जोड म्हणून मात्र हे पक्कं उपयोगी पडतं.

सुरुवात करायला जागा हवी असेल तर जवळच्या वाचनालयात जा. कोकणात वाचनालयांची कमी नाही, रत्नागिरीचं तर १८२८ सालचं आहे. ग्रंथपालांना आठवड्याचा एक ठरलेला वार मागा आणि तो पावसातही चुकवू नका. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाच्या आसपास सगळीकडून एकदम बोलावणी येतात, एका दिवसात तीन-तीन शाळा. त्यातली एकच घ्या, आणि एसटीचं भाडं आधी ठरवून घ्या.