वर्ग सजवताना या चुका टाळा

आपल्या विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा थोड्या उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधीचे चार दिवस बहुतेक शिक्षकांचे वर्ग सजवण्यात जातात. मीही नोकरीच्या पहिल्या वर्षी हेच केलं. दोनशिक्षकी शाळा, पहिली-दुसरी माझ्याकडे. यवतमाळहून कार्डशीट, चमकी, थर्माकोल आणलं, रात्री जागून तक्ते केले. पाहायला आलेल्यांनी कौतुक केलं. पण दुसरीतली एक मुलगी मोजणी शिकायच्या मणीमाळेखाली उभी राहून म्हणाली, "बाई, याले हात लावला त रागवसान काय?" मणीमाळ मी खराब होऊ नये म्हणून दाराच्या चौकटीइतकी उंच टांगली होती. तिचा हात तिथवर पोचतच नव्हता. पुढे मी इतरांच्या वर्गांत गेले, तिथेही हेच दिसलं. म्हणून हे लिहिते आहे.

साहित्य मोठ्यांच्या नजरेला लावणं

पहिलीचं मूल साधारण पावणेचार फूट उंच असतं. ताटपट्टीवर बसलं की त्याची नजर जेमतेम दोन फुटांवर. आपण तक्ता लावतो सहा फुटांवर, कारण खिळा ठोकताना आपला हात तिथे सहज जातो. अंदाज येत नसेल तर वर्गात ताटपट्टीवर मांडी घालून बसा आणि भिंतीकडे बघा. मी बसले तेव्हा मला फक्त गिलाव्याचे पोपडे आणि तक्त्यांच्या खालच्या कडा दिसल्या.

रोज हाताळायचं ते जमिनीपासून दोन ते चार फुटांच्या पट्ट्यात आणा. त्याखालच्या भिंतीला फळ्याचा काळा रंग मारून प्रत्येक मुलाला हातभर जागा द्या. असा फळा नवा असताना त्यावर आडवा खडू घासून सगळा पांढरा करायचा आणि कोरड्या फडक्याने पुसायचा, मगच लिहायचं. नाहीतर पहिली अक्षरं कायमची उमटून राहतात. चकचकीत ऑइलपेंट मुळीच नको, त्यावर खडू घसरतो आणि खिडकीच्या उजेडात अक्षर दिसत नाही.

एक इंचही मोकळा न सोडणं

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. बालवर्गातली २४ मुलं, त्यांना काही पाठ गच्च सजवलेल्या खोलीत आणि काही जवळपास कोऱ्या भिंतींच्या खोलीत शिकवले. सजवलेल्या खोलीत पाठाच्या ३८.६ टक्के वेळ मुलांचं लक्ष भलतीकडे होतं, कोऱ्या खोलीत २८.४ टक्के. पाठावरच्या प्रश्नांची बरोबर उत्तरं कोऱ्या खोलीत ५५ टक्के आली, सजवलेल्या खोलीत ४२ टक्के. प्रयोग लहान आहे, मुलं तिकडची आहेत. तरी माझ्या वर्गात मला जे दिसत होतं त्याच्याशी हे जुळलं.

म्हणून फळ्याची भिंत मोकळी ठेवा. बाकीच्या भिंतींवर या पंधरवड्यात जे शिकवताय तेवढंच. खिडकीवर तर काहीच लावू नका. पत्र्याखालच्या वर्गात मार्चपासून काय होतं ते सांगायला नको, त्यात पताकांनी वारा अडवायचा म्हणजे मुलांवर अन्याय आहे.

गठ्ठे आधीच बांधून ठेवणं

या चुकीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण हिच्यामुळे गणित कच्चं राहतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

मराठीत आपण 'बत्तीस' म्हणतो तेव्हा दोन आधी ऐकू येतो, तीस नंतर. मूल ऐकल्याप्रमाणे लिहितं, म्हणून ३२ च्या जागी २३ येतात. बालभारतीने २०१९ च्या दुसरीच्या गणितात 'तीस दोन' अशी रीतही दिली, त्यावर पुष्कळ वाद झाला. रीत कोणतीही घ्या, मुलाच्या हातात तीन गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या आल्याशिवाय संख्या डोक्यात बसत नाही.

काड्या विकत आणायची गरज नाही. तूर निघाली की गावात तुराट्यांचे ढीग लागतात. सरळ बघून वीतभर तुकडे करा, पॉलिश पेपरने टोकं घासा म्हणजे कुसळ लागणार नाही. पण गठ्ठे तुम्ही बांधू नका. मुलाने दहा मोजायच्या, त्यानेच बांधायच्या. ३२ मधून ५ काढायचे असतील तर दोनच काड्या सुट्या आहेत, मग गठ्ठा सोडावाच लागतो. हातच्याचं गणित त्या सोडण्यात आहे. आमच्याकडे एक मुलगा गठ्ठा सोडायला तयारच होईना, "मंग दहा कसे राह्यतीन?" म्हणाला. त्याच्याशी त्यावर बोलण्यात अर्धा तास गेला, आणि तो अर्धा तास वाया गेला असं मला कधीच वाटलं नाही.

बांधायला रबर वापरू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबर वितळून काड्यांना चिकटतं. जुन्या लुगड्याच्या चिंध्या उत्तम.

ऑक्टोबर १९३७ मध्ये इथेच वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकवण्याची नई तालीम पुढे आली. आपल्या मातीतली गोष्ट आहे ही. आपण मात्र बाजारातले गुळगुळीत तक्ते आणून टांगतो.

दुसऱ्याच्या मुलखातली चित्रं

'अ' अननसाचा. माझ्या वर्गातल्या एकानेही अननस खाल्लेला नव्हता. मुलं चित्र पाहून घडाघडा म्हणत होती, पण अक्षर तोडून दुसरीकडे दाखवलं की गप्प. क कपाशीचा, त तुरीचा, प पळसाचा, म मोहाचा असा तक्ता मुलांकडूनच काढून घ्या. भंडारा-गोंदियाकडे ध धानाचा. कोलामी, गोंडी किंवा कोरकू बोलणारी मुलं असतील तर त्यांच्या घरचा शब्दही देवनागरीत शेजारी लिहा. तो त्यांच्या आईला विचारून घ्या, अंदाजाने नको.

छापील किंवा संगणकावरून काढलेले तक्ते लावण्याआधी ल आणि श नीट बघा. पुष्कळ फॉन्टमध्ये ही अक्षरं हिंदी वळणाची असतात, ५, ८ आणि ९ सुद्धा. बालभारतीच्या पुस्तकात एक वळण आणि भिंतीवर दुसरं, मग पहिलीचं मूल गोंधळणारच.

टाकाऊतून टिकाऊ करताना बेसावध राहणं

इथे हयगय नको. फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि डबे कितीही धुतले तरी वर्गात आणू नका, पेनस्टँड म्हणून नाही, कुंडी म्हणूनही नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, ते आपण विसरलेलो नाही. मुलं प्रेमाने घरून डबा आणतात, तेव्हा त्यात आधी काय होतं हे विचारा.

मोजायला लाल-काळ्या गुंजा फार सुंदर दिसतात. त्या विषारी आहेत, चावून खाल्ली तर जिवावर बेतू शकतं. एरंडीच्या बियांचंही तेच. चिंचोके घ्या. कडक उन्हात वाळवून झाकणाच्या डब्यात ठेवले तर भुंगा कमी लागतो. अंगणवाडीची लहान मुलं सोबत बसत असतील तर मात्र चिंचोकेही नकोत, ती नाकात घालतात.

आणि भिंतीला टेकवलेले पुठ्ठे, बांबूच्या नळ्या पावसाळ्यात रोज झटकायच्या. त्यांच्यामागे विंचू बसतो.

तक्ते गळतात, साहित्य हरवतं, तेव्हा

डबल टेप जुलैच्या ओलीत सुटतो, एप्रिलच्या उन्हातही सुटतो. मैद्याच्या खळीला झुरळं येतात. खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत मुलांच्या वर्गात नको, मोरचूद विषारी असतो. दोन खिळ्यांमध्ये सुतळी ताणा आणि कपड्यांचे चिमटे लावा. तक्ता बदलायला एक मिनिट लागतं, म्हणून तो खरंच बदलला जातो. पुस्तकंही तशीच सुतळीवर, मुखपृष्ठ समोर करून. कपाटात कुलूपबंद पुस्तकांना वाचन कोपरा म्हणू नये.

मणीमाळ तुटत असेल तर दोरा बदला. नायलॉनची दोरी, दहा लाल, दहा पांढरे असे शंभर मणी, आणि मणी सरकायला हातभर दोरी जास्तीची.

साहित्य हरवतंय म्हणून कुलूप लावू नका. दोन वर्ग एका खोलीत असतील तर डब्यांवर दोन रंगांच्या पट्ट्या लावा आणि शाळेच्या मंत्रिमंडळातल्या चौथीच्या मुलीकडे मोजदाद द्या. चार-दोन काड्या जातीलच. पुढच्या तुरीला नव्या येतील.

एप्रिलअखेर सगळं उतरवून पत्र्याच्या पेटीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवा, पेटी विटांवर, नाहीतर उधई लागते. मुलांनी केलेले तक्ते त्यांना घरी न्यायला द्या. ती तिथे चुलीशेजारच्या भिंतीवर लावतात, मी पाहिलं आहे.