अर्जात ‘कृपया’ नको, कलम लिहा

मी व्हीलचेअर वापरते, इंदूरच्या लोकमान्य नगरात राहते. इथल्या एका कचेरीच्या दारात तीन पायऱ्या आहेत. पहिल्या अर्जात मी लिहिलं, ‘कृपया दिव्यांगांची सोय करावी.’ उत्तर आलं नाही. दुसऱ्या खेपेला भाच्याला टेप घेऊन पाठवलं. प्रत्येक पायरी ६ इंच, एकूण चढ १८ इंच. रॅम्पच्या चढाला १:१२ प्रमाण लागतं, म्हणजे १८ फूट लांबी. तेवढी जागा अंगणात आहे, हे नकाशा काढून दाखवलं. हा अर्ज मात्र साहेबांनी वाचला.

आधी मोजमाप, मग कलम. दिव्यांगजन अधिकार अधिनियम २०१६ चं कलम ३ भेदभावाला मनाई करतं. कलम ४५ नुसार जुन्या सार्वजनिक इमारती या कायद्याचे नियम आल्यापासून ५ वर्षांत सुगम व्हायला हव्यात. नियम २०१७ मध्ये आले, मुदत २०२२ मध्येच संपली. हे अर्जात स्पष्ट लिहा.

मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नका. महिनाभर काही झालं नाही, तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून विचारा, ‘माझ्या अर्जावर काय कारवाई झाली?’ नंतर भोपाळला दिव्यांगजन आयुक्तांकडे जा.

पण एक रॅम्प झाला म्हणजे कायदा सुधारला असं नाही. त्याच कलम ३ मध्ये पळवाट आहे: ‘वैध हेतू’साठी प्रमाणशीर उपाय असेल, तर भेदभाव चालतो. हा हेतू वैध आहे हे कोण ठरवणार? आमदार-खासदारांना भेटाल तेव्हा हीच ओळ अधोरेखित करून हातात द्या. ती काढा म्हणा.

आपल्याच मध्य प्रदेशात अंध उमेदवारांना न्यायाधीश होता येत नव्हतं. एका आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि ३ मार्च २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला.

आणि हे मला फार लागतं: साहेब नेहमी खुर्ची ढकलणाऱ्याशी बोलतात. भाच्याला मी आधीच सांगून ठेवलंय, ‘तू दाराशी थांब.’ तुमच्या गटातल्या कर्णबधिर सोबत्यासाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी न्या, पण बोलणं सोबत्याचंच असू द्या. सही आपली, तर उत्तरही आपल्यालाच मिळालं पाहिजे.