पेट्रोल सिटीवरून हायब्रिड सिटीवर येताय? आधी न्यूट्रल मारायची सवय सोडा

माझ्याकडे होंडा सिटीची हायब्रिड आहे, ती ई-एचईव्ही वाली, आणि साताऱ्याला दादाकडे सिटीच पण साधी पेट्रोल, मॅन्युअल गिअरची. गेल्या गणपतीत तो आईबाबांना घेऊन पुण्यात आला आणि चार दिवस माझी गाडी त्यानेच चालवली. दादा पंचवीस वर्षं गाडी चालवतोय, हात एकदम साफ, आणि पेट्रोल वाचवायच्या जेवढ्या म्हणून युक्त्या आहेत तेवढ्या त्याला येतात. लांबून लाल सिग्नल दिसला की न्यूट्रल, उतार लागला की न्यूट्रल, चढाच्या आधी जोर घेऊन ठेवायचा वगैरे. तर एवढं सगळं मन लावून करून त्याने माझ्या गाडीचं ॲव्हरेज दोन दिवसात सोळावर आणून ठेवलं, जे माझ्याकडे शहरात वीसच्या खाली सहसा येत नाही. तेव्हा बाजूला बसून त्याला जे जे सांगितलं तेच इथे लिहितेय, ज्यांना पेट्रोलवरून हायब्रिडवर यायचंय किंवा नुसतीच एखाद दिवस चालवायला मिळणार आहे त्यांच्यासाठी.

आत काय चाललंय ते थोडं समजून घ्या नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. पेट्रोल सिटीत १४९८ सीसीचं इंजिन, ताकद १२१ पीएस, टॉर्क म्हणजे ओढायचा जोर १४५ एनएम, आणि ते गिअरबॉक्समधून चाकं फिरवतं, झालं. हायब्रिडमध्ये इंजिन दीड लिटरचंच पण वेगळ्या पद्धतीने जमवलेलं, ताकद कमी, ९८ पीएस, आणि सोबत दोन मोटरी. एक मोटर इंजिनच्या जोरावर वीज बनवते आणि दुसरी चाकं फिरवते, तिचा टॉर्क २५३ एनएम. नेहमीसारखा गिअरबॉक्सच नाही. म्हणजे शहरात इंजिन चालू असलं तरी बहुतेक वेळा ते जनरेटरचं काम करत असतं आणि गाडी ओढत असते मोटर. हायवेला एका ठराविक वेगाच्या वर आतला क्लच लागतो आणि मग इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. कधी काय करायचं ते गाडी ठरवते, तुम्हाला विचारत नाही. आणि हो, ही चार्जिंगला लावायची नसते, सॉकेटच नाही. लोक अजूनही मला पार्किंगमध्ये विचारतात ताई चार्ज कुठे करता म्हणून.

आता चालू करणं. ब्रेक दाबा, बटण दाबा, मीटरवर रेडी असं आलं की गाडी चालू झाली. आवाज येणार नाही. दादाने बटण दाबलं, आवाज नाही म्हणून परत दाबलं, गाडी बंद झाली, परत दाबलं, चालू झाली, पण आवाज नाही म्हणून परत दाबलं, आणि मागून आई म्हणाली अरे पेट्रोल आहे का बघ आधी. तर कानाने नाही, डोळ्याने बघायचं, रेडी दिसलं की विषय संपला. उलट बाजूने पण जपायचं, शांत आहे म्हणून बंदच आहे असं समजून लोक उतरून जातात, तेव्हा उतरायच्या आधी लिव्हर पी ला, म्हणजे पार्किंगला टाका, बटण दाबा, मीटर विझला का बघा.

याच शांततेची दुसरी भानगड म्हणजे आमच्या सोसायटीतला काळू. दुपारभर तो गाड्यांखाली झोपतो. पेट्रोल गाडीला स्टार्टर मारला की त्या आवाजाने आपोआप बाहेर येतो, माझ्या गाडीखाली मात्र ढिम्म पडून असतो कारण गाडी चालू झालीय हे त्याला कळतच नाही. मी आता बसायच्या आधी बॉनेटवर दोन थापा मारते आणि खाली वाकून बघते. गल्लीत पण तेच, मोबाईलवर बोलत मधून चालणाऱ्या माणसाला मागे गाडी आलीय हे समजत नाही, तेव्हा अंतर ठेवा, आणि अगदी कानाशी जाऊन हॉर्न मारू नका, माणूस दचकून भलतीकडेच उडी मारतो.

मॅन्युअलवरून येणाऱ्यांनी डावा पाय सीटकडे ओढून ठेवायचा, सरळ. तो क्लच शोधत शोधत ब्रेकवर पडतो आणि मागचा माणूस पुढच्या सीटवर आपटतो. पहिल्या दिवशी बाबा आपटले, त्यांनी दोन शब्द सुनावले, पुढे पाय आपोआप जागेवर राहिला. बाकी बेसमेंटच्या रॅम्पवर हायब्रिडला तोड नाही. दादाच्या गाडीत रॅम्पच्या मध्येच थांबावं लागलं की हँडब्रेक, हाफ क्लच, थोडी रेस, क्लचचा वास, हे सगळं आलं. यात ब्रेक होल्डचं बटण दाबलेलं असलं की पाय काढला तरी गाडी जागची हलत नाही, ॲक्सिलेटर हलकासा दाबला की गुपचूप वर. रिव्हर्सला तर अजून सोपं.

ट्रॅफिकमध्ये नवीन माणसाला सगळ्यात जास्त काय खटकतं तर इंजिनचा आवाज आणि गाडीचा वेग यांचा काही मेळ नसतो. सिग्नलला उभी असताना मध्येच इंजिन चालू होतं, थोडा वेळ घरघर करून बंद होतं, दादा म्हणाला अगं पाय तर ब्रेकवर आहे माझा. बॅटरी उतरली होती, ती भरून घेत होती, एवढंच. काही करायचं नाही. एसीला पण घाबरू नका, त्याचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो त्यामुळे इंजिन बंद असलं तरी गार हवा येत राहते, उन्हाळ्यात चांदणी चौकाच्या बाजूला अर्धा तास अडकलात तर याची किंमत कळते. आणि दादाची एक सवय होती लांब सिग्नल असला की बटणाने गाडीच बंद करायची, ती इथे अजिबात नको, गाडी स्वतःच इंजिन बंद करून बसलेली असते, तुम्ही वरून सगळंच बंद करून एसी तेवढा घालवता.

मुख्य गोष्ट ब्रेकची. पेट्रोल गाडीत ब्रेक मारला म्हणजे आधी जाळलेलं पेट्रोल ब्रेक पॅड तापवण्यात गेलं, म्हणून जुने ड्रायव्हर ब्रेक टाळतात, न्यूट्रल मारून गाडी घरंगळत नेतात. हायब्रिडमध्ये तीच मोटर उलटी चालून वीज बनवते आणि गाडीला धरते, म्हणजे ब्रेकनेच बॅटरी भरते. पण न्यूट्रलला टाकलंत की हे भरणं बंद. दादा नेमकं हेच करत होता, प्रत्येक सिग्नलला फुकट मिळणारी वीज सोडून देत होता आणि मग इंजिन पेट्रोल जाळून तीच वीज बनवत होतं. तर गिअर डी मध्येच, म्हणजे पुढे जायच्या ड्राइव्हमध्येच राहू द्या, सिग्नल लांबून दिसला की ॲक्सिलेटर सोडा आणि ब्रेक लवकर, हलका आणि लांबवर दाबा. मीटरमध्ये आरपीएमच्या जागी पॉवर आणि चार्ज असा काटा आहे, ब्रेक दाबताना त्याच्याकडे एक नजर टाका, काटा चार्जच्या भागात निवांत असला पाहिजे. शेवटच्या क्षणी जोरात ब्रेक मारला की साधे ब्रेक लागतात आणि सगळं उष्णतेत जातं. अर्थात समोर रिक्षावाला आडवा आला तर काट्याकडे बघत बसू नका, दाबा ब्रेक सरळ.

निघताना पण एक युक्ती आहे. लोक सांगतात हळू हळू वेग घ्या, पण फारच रेंगाळत निघालात तर मागचे हॉर्न मारतात आणि फायदा काही खास नाही. मी बऱ्यापैकी वेग घेते आणि मग क्षणभर पाय उचलून हलकाच परत ठेवते, की बऱ्याचदा इंजिन बंद होऊन गाडी नुसत्या मोटरवर पळायला लागते. हे दोन दिवसात पायाला समजतं, लिहून नीट सांगता येत नाही.

घाट. इथे थोडं सविस्तर लिहिते कारण इथेच लोक घाबरून सर्व्हिस सेंटरला फोन करतात. खंबाटकी चढताना पेट्रोल गाडीत तुम्ही गिअर खाली घेता, आवाज वाढतो, तो कानाला ओळखीचा असतो. हायब्रिडमध्ये भरल्या गाडीने लांब चढ घेतला की बॅटरी उतरते आणि इंजिन एकाच वरच्या सुरात ओरडत राहतं, वेग साठ असो नाहीतर पन्नास. कानाला बरं वाटत नाही पण बिघाड नाही. ओव्हरटेक मात्र सुखाचं, मोटरचा टॉर्क लगेच मिळतो, ट्रकच्या मागून निघताना दादाला दुसरा गिअर शोधावा लागतो तसं काही नाही.

उतरताना लिव्हर डी वरून खाली बी मध्ये घ्या. बी म्हणजे पाय सोडला की गाडी जास्त धरते, पेट्रोल गाडीत आपण दुसऱ्या गिअरवर उतरतो त्याच्यासारखंच. स्टिअरिंगमागचे पॅडल पण याच कामाचे आहेत, पेट्रोलच्या ऑटोमॅटिक सिटीत ते गिअर बदलतात, इथे डावा ओढला की गाडी जास्त धरते आणि उजवा ओढला की सैल सोडते. आता ताम्हिणी उतरून माणगावकडे जाताना अर्ध्या घाटात असं होतं की ॲक्सिलेटरवर पाय नाही आणि इंजिन एकदम मोठ्याने फिरायला लागतं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन उभी राहिले होते. होतं काय की बॅटरी भरली. ती मुळात लहानच आहे, तिच्यात पूर्ण एक युनिट वीजसुद्धा मावत नाही, नेक्सॉन ईव्हीच्या छोट्या बॅटरीत पण तीस युनिट मावतात. हिशोब लावला तर चार माणसांची गाडी दीड-दोनशे मीटर उंची उतरली की बॅटरी काठोकाठ, आणि घाट त्याच्या कितीतरी खोल. मग जास्तीची वीज कुठेतरी घालवायची म्हणून गाडी त्या विजेने इंजिनच फिरवते, पेट्रोल न जाळता, आणि त्यानेच गाडी धरून ठेवते. म्हणजे तो आवाज ब्रेकचा आहे असं समजा. तेव्हा पण न्यूट्रल नको, घाटात तर पेट्रोल गाडीला सुद्धा नको, पण हे दादाला सांगून उपयोग नाही.

हायवेला फार अपेक्षा ठेवू नका. एक्सप्रेसवेला शंभरवर क्रूझ लावून बसलात की इंजिन थेट चाकं ओढतंय, ब्रेक नाही त्यामुळे वीज भरणं नाही, मग हायब्रिडपणाचा फायदा थोडाच उरतो. माझी तिथे एकवीसच्या आसपास देते, दादाची सतरा. शहरात मात्र माझी वीस आणि त्याची बारा. २०२२ च्या मे मध्ये ही गाडी आली तेव्हा कंपनीचा आकडा होता २६.५ आणि पेट्रोल मॅन्युअलचा १७.८, पण ते आकडे सगळ्यांना माहितीयत कसे असतात. आणि दोन किलोमीटरवर भाजी आणायला जाऊन ॲव्हरेज बघू नका, थंड इंजिन गरम होईपर्यंत चालूच राहतं, त्या फेरीत हायब्रिड पण पेट्रोलसारखीच पिते.

डिकीबद्दल दुकानात कोणी स्वतःहून सांगत नाही. पेट्रोल सिटीची डिकी ५०६ लिटर, हायब्रिडची ३०६, कारण मागच्या सीटमागे बॅटरी. सीएनजीचा सिलेंडर ठेवल्यासारखंच समजा. गणपतीहून परत जाताना गाड्या बदलल्या म्हणून बरं, वहिनीची तांदळाची गोणी, नारळ, मखर आणि दोन बॅगा माझ्या डिकीत मेल्या तरी मावल्या नसत्या. घ्यायच्या आधी घरातली मोठ्यात मोठी बॅग सोबत नेऊन ठेवून बघा, लाजू नका.

पैशांचं. दोघींच्या किमतीत तेव्हा वरच्या मॉडेलला चार लाखांच्या पुढे फरक होता, चार धरू. मी धायरी ते हिंजवडी करते, वर्षाला पंधरा हजार किलोमीटर, बहुतेक ट्रॅफिकमधलं. बाराने १२५० लिटर लागलं असतं, वीसने ७५० लागतं, वाचलं ५०० लिटर, १०४ रुपयांनी ५२ हजार. म्हणजे आठ वर्षं. दादा वर्षाला आठ हजार चालवतो, तेही बहुतेक हायवे, त्याचं वाचणार नव्वद लिटर म्हणजे साडेनऊ हजार पण नाही, फरक फिटायला बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं. तो आकडा ऐकून दादाने चहा संपवला आणि म्हणाला राहू दे तुझी तुलाच. आणि महाराष्ट्रात इलेक्ट्रिकला जी टॅक्सची आणि टोलची माफी आहे ती हायब्रिडला नाही, नंबर प्लेट पांढरीच असते, टोलनाक्यावर वाद घालू नका.

देखभालीचं एकच सांगते, बाकी ऑइल वगैरे पेट्रोलसारखंच. हायब्रिडमध्ये मोठ्या बॅटरीशिवाय आपली नेहमीची १२ व्होल्टची छोटी बॅटरी पण असते, आणि गाडी जागी होते ती या छोटीवर. मी तीन आठवडे गावाला होते, डॅशकॅम सतत चालू राहील अशी वायर मीच हौसेने जोडून घेतली होती, परत आले तर गाडीचं दार किल्लीने उघडावं लागलं आणि मीटरवर काहीच नाही. मोठी बॅटरी भरलेली असून काही उपयोग नाही, रेडीच येत नाही. शेजारच्या काकांच्या गाडीवरून जम्प देऊन चालू केली, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच वायरी लावून. तेव्हा जास्त दिवस गाडी उभी राहणार असेल तर असले काही चालू ठेवू नका, आठवड्यातून एकदा कोणाला तरी अर्धा तास रेडीवर ठेवायला सांगा, बेसमेंटमध्ये नको, इंजिन मध्येच लागतं आणि धूर कोंडतो, उघड्यावर काढून ठेवायला सांगा आणि माणूस गाडीत बसून पाहिजे. आणि बॉनेटखाली नारिंगी जाड वायरी दिसतील त्यांना कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनला हात लावू देऊ नका.